अडीच

पहाटे पावणेतीनला घराखालून
कुणीतरी जड कपाट ओढत नेलं.
इतकंच. चार-पाच सेकंद.
मग रॅकमधल्या दोन बश्या एकमेकींशी बोलल्या
आणि मी अंथरुणातच म्हणाले, 'हादरा.'
अकरा वर्षांत हा शब्द इथे
एकदाही लागला नव्हता.

वर्क्सवर्थमधली आमची चढणीची गल्ली जागी झाली.
ड्रेसिंग गाऊन, टॉर्च, कुणाच्या तरी काखेत चिडलेलं मांजर.
कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं खाण,
कुणी म्हणालं ट्रक रस्ता चुकून वर आला.
विल्फ हेब्डन काठी टेकत दारातच उभे.
एकतीस वर्षं त्यांनी चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावले.
'खाण नव्हे,' म्हणाले. 'सुरुंग थेट ठोसा मारतो.
याने आधी दार वाजवलं.'

सकाळी रेडिओने आकडा सांगितला: अडीच.
दुपारी विल्फ दुकानात आले, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.
गोळ्यांच्या कागदी पिशवीवर, माझ्याच पेन्सिलीने,
एक नागमोडी रेघ काढली.
'सुई किती हलली ते मोजायचं.
पण लांबची सुई थोडी हलते, जवळची फार,
म्हणून अंतराचा हिशेब वळता करायचा,
की सगळ्या सुयांचं उत्तर साधारण एकच यावं.
मग पायऱ्या. एक पायरी वर
म्हणजे सुई दहापट हलते,
पण जमीन खर्च करते बत्तीसपट.'
बत्तीसपट!
मला इतकी वर्षं वाटायचं, अडीचनंतर साडेतीन
म्हणजे साखर एक चमचा जास्त.

'आणि शून्याच्या खाली?'
'असतात की. उणे एक, उणे दोन.
शून्य म्हणजे काहीच नाही, असं नाही.
मोजणाऱ्याने त्या काळी जिथे पाय टेकला, ते शून्य.'
मागे रांग वाढली होती. पिशवी विसरूनच गेले ते,
गोळ्या खिशात घालून.

रात्री आईला फोन केला, पाटणला.
अडीच म्हटल्यावर ती हसली.
'अगं, अडीचला आमची कोंबडीसुद्धा मान वर करत नाही.'
तरी विचारलंच तिने, ओळीने, सवयीने:
भांडी वाजली? टांगलेलं काही हललं?
कुत्री आधी भुंकली की नंतर?
बाहेर पळालीस की पडून राहिलीस?
माझ्यापुढे भूगर्भ खात्याची प्रश्नावली होती.
तेच प्रश्न, जवळजवळ त्याच क्रमाने.
फक्त कुत्र्यांचा नव्हता.

म्हणजे मापं दोन.
एक जमिनीचं, कुठूनही मोजा, तेच.
दुसरं घराघराचं: गल्लीच्या टोकाला वेगळं,
चर्चपाशी वेगळं, माझ्या उशीखाली वेगळं.
आमच्या पेपरात दोन्हींना एकच शब्द छापायचे, तीव्रता,
आणि मी शाळेत जाण्याआधी तो आकडा वाचून
आईच्या चेहऱ्याशी ताडून बघायचे.
कधी जुळला नाही.

कोयनेचा तो मोठा आला तेव्हा ती आठ वर्षांची.
साडेसहाच्या आसपास, म्हणतात.
विल्फच्या पिशवीच्या मागे मी मांडत गेले:
चार पायऱ्या. बत्तीस, पुन्हा बत्तीस, पुन्हा, पुन्हा.
'दहा लाख पटींच्या वर, आई.'

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.
'असेल,' ती म्हणाली.
'अण्णांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात ठेवलं
आणि परत आत गेले.'

पुढचं मी विचारलं नाही.
याआधीही कधी नाही.

प्रश्नावलीत शेवटी तीन चौकोन:
तुम्ही घाबरलात का? नाही. थोडे. खूप.
'थोडे'वर खूण केली, मग खोडली,
मग कागद तसाच ठेवून उठले
आणि रॅकमधल्या त्या दोन बश्यांमध्ये
बोटभर फट केली.